मोकळं सुटणारं कुत्रं आणि नसबंदीची सक्ती

पाळीव कुत्र्याची नसबंदी कायद्याने सक्तीची करावी का, यावर जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर हल्ली जी भांडणं होतात, त्यात दोन्ही बाजूंच्या डोळ्यांपुढे कुत्रं असतं ते फ्लॅटमधलं. पट्टा बांधून सकाळी मेहरूण तलावावर फिरायला नेलेलं लॅब्राडॉर. आपल्याकडची बहुतेक पाळीव कुत्री तशी नाहीतच. रावेर-यावलच्या केळीच्या बागेतलं, चोपड्याकडच्या खळ्यावरचं, साक्रीकडे ठेलाऱ्यांच्या मेंढरांमागे चालणारं, धडगावच्या पाड्यावरचं कुत्रं मालकाचंच असतं. त्याला नाव असतं, दोन वेळची भाकर असते. पण गळ्यात पट्टा नसतो आणि रात्री ते कुठे जातं हे मालकालाही ठाऊक नसतं. गावात जन्मणाऱ्या पिल्लांचे बाप बरेचदा हेच. नगरपालिकेने भटक्या माद्या कितीही पकडल्या तरी मळ्यावरच्या माद्या दरसाल विणारच असतील, तर आकडा खाली येणार कसा?

म्हणून माझं मत असं: सक्ती हवी, पण ती मोकळं सोडलेल्या कुत्र्यावर आणि पिल्लं विकणाऱ्यावर. घरात, पट्ट्यावर असणाऱ्या कुत्र्याचं काय करायचं आणि कधी करायचं हे जात, वजन आणि वय बघून डॉक्टर आणि मालक ठरवतील. त्यात तहसीलदाराने पडू नये.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण त्यावर फार थापा चालतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पाळीव आणि रस्त्यावरचे असे दोन गट आहेत. पाळीव कुत्र्याचं जंतनाशक, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तत्त्व आधीच मान्य झालेलं आहे. पण कोणत्या वयात करायची, कुणाला सूट आणि नाही केली तर काय, याचा मालकापुरता नीट खुलासा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधीचा आदेश बदलून, नसबंदी आणि लस झालेली कुत्री जिथून उचलली तिथेच सोडा असं सांगितलं. रेबीजची आणि हल्लेखोर मात्र वगळली. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथल्या कुत्र्यांसाठी वेगळा, कडक आदेश आला. हे सगळं भटक्यांबद्दल. मळ्यावरचा मोत्या यात नेमका कुठे बसतो, याचं उत्तर कुणीच देत नाही.

काही शहरांनी पाळीव कुत्र्यांवर सक्ती करून पाहिली आहे. नोएडात २०२२ मध्ये नोंदणी, रेबीजची लस आणि नसबंदी बंधनकारक झाली, चुकवल्यास महिन्याला २,००० रुपये दंड. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पिटबुल, रॉटवायलरसकट २३ जातींवर बंदीचं पत्रक काढलं आणि घरात असलेल्यांची नसबंदी करा म्हटलं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. बाहेर बघाल तर दक्षिण ऑस्ट्रेलियात १ जुलै २०१८ नंतर जन्मलेल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराची नसबंदी सहा महिन्यांच्या आत लागते, नोंदणीकृत ब्रीडरला सूट. उलट नॉर्वेत वैद्यकीय कारण नसताना कुत्र्याची नसबंदी करताच येत नाही, आणि तिथल्या रस्त्यांवर भटकी कुत्री दिसत नाहीत. कारण साधं आहे, तिथे कुत्रं मोकळं सुटतच नाही. सक्तीवाल्यांनी आणि विरोधकांनीही हे उदाहरण जरा निवांत बसून वाचावं.

आता वयाचा मुद्दा. सहा महिन्यांत सगळ्यांची उरका, असा एकच नियम का चालत नाही ते समजून घ्या. हाडांच्या टोकाशी वाढीच्या पट्ट्या असतात, त्या बंद होण्याचा इशारा लैंगिक संप्रेरकं देतात. ती लवकर काढली की मोठ्या जातीचं कुत्रं जरा जास्त उंच वाढतं आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटणं, कंबरेचा सांधा बिघडणं याचा धोका वाढतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या अभ्यासकांनी २०२० मध्ये ३५ जातींची माहिती मांडली. त्यांच्या मते जर्मन शेफर्डला दोन वर्षांपर्यंत थांबावं, लॅब्राडॉर मादीला वर्षभर, लॅब्राडॉर नराला निदान सहा महिने. पगसारख्या छोट्या जातींत सांध्यांचा हा फरक दिसला नाही. आपलं गावठी कुत्रं मध्यम बांध्याचं, साधारण १५ ते २० किलोचं. त्याला सहा महिन्यांनंतर करायला सहसा अडचण येत नाही. म्हणजे ज्या कुत्र्यावर सक्तीची खरी गरज आहे, त्याच्याच बाबतीत वयाचा वाद सगळ्यात कमी आहे.

मादीच्या बाबतीत मी नसबंदीच्या बाजूचा आहे, आणि कारण लोकसंख्या नाही, गर्भाशयातला पू आहे. माज संपल्यावर चार ते आठ आठवड्यांनी गर्भाशयात जंतू वाढतात. मादी ढसाढसा पाणी पिते, वारंवार मुतते, भाकरीला तोंड लावत नाही, पोट फुगतं. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर मागून घाण वासाचा पू येतो. बंद असेल तर काहीच येत नाही, आणि तो प्रकार जास्त वाईट. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींवरून नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश माद्यांना दहा वर्षांच्या आत हा आजार होतो. अशा वेळी तापाने खचलेल्या मादीचं तेच ऑपरेशन रात्री धावपळीत करावं लागतं. स्तनाच्या गाठींचंही आहे, पण पहिल्या माजाआधी केलं तर धोका अर्ध्या टक्क्यावर येतो हा आकडा १९६९ च्या एका जुन्या अभ्यासाचा आहे, आणि २०१२ च्या आढाव्यात तो पुरावा कच्चा ठरलाय. तो छातीठोकपणे फेकू नका.

मोकळ्या सुटणाऱ्या नर-मादीला आणखी एक आजार होतो, जो शहरातल्या माणसाला माहीत नसतो: समागमातून पसरणारा कॅन्सर, टीव्हीटी. एका कुत्र्याच्या जिवंत पेशी दुसऱ्याच्या अंगात रुजतात. मालक म्हणतो, "मादी महिना झाला तरी माजावरच आहे, रक्त थांबत नाही." शेपटी उचलून पाहिलं की आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, हात लावला की रक्त येणारी गाठ दिसते. नरात ती लिंगावरची कातडी मागे सारल्याशिवाय दिसत नाही, नुसतं थेंबथेंब रक्त टपकतं. उपाय आहे: विन्क्रिस्टीनचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा, साधारण चार ते सहा वेळा, शिरेतूनच. सुई शिरेबाहेर गेली तर तिथलं मांस सडतं, म्हणून हे औषध घरी कुणाकडून टोचून घेऊ नका.

आणि ते "माज थांबवायचं" किंवा "लागल्यावर (समागम झाल्यावर) द्यायचं" संप्रेरकांचं इंजेक्शन. मेडिकलवाल्याकडून आणून गुपचूप देणारे खूप आहेत. या संप्रेरकांनीच गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. इस्ट्रोजेनने तर रक्त तयार करणारी मज्जाही दबते. पाचशे वाचवायला जाऊन मादी गमावायची. मादी माजावर आली की रक्त दिसल्यापासून तीन आठवडे बंद खोलीत ठेवा; साधारण नवव्या दिवसापासून पुढचा आठवडा सगळ्यात धोक्याचा, आणि तेव्हा रक्त फिकट होतं म्हणून लोक "संपलं" समजून सोडतात. समागमात नर-मादी एकमेकांत अडकलेच तर काठीने मारून सोडवू नका, दोघांनाही इजा होते. ६३ दिवसांनी पिल्लं.

शेतकऱ्यांचा आक्षेप ठरलेला: "जिभाऊ, कुत्राले कापं ते राखन कोन करी?" याला सरळ उत्तर आहे. आपल्या हद्दीत परका आला की भुंकणं हे नसबंदीने फारसं बदलत नाही. बदलतं ते मादीच्या वासावर चार गावं भटकणं, इतर नरांशी भांडणं, जागोजाग मुतणं. माजाच्या दिवसांत जो राखणदार आठ-आठ दिवस गायब असतो, तो ऑपरेशननंतर रात्री खळ्यावर सापडतो. यावल-शहाद्याकडे बिबट्याचा वावर आहे, तिथे कुत्रं रात्री आवारात असलेलं बरं. पण "नसबंदी केली की चावत नाही" असं जे सांगतात तेही खोटं. घाबरून चावणारं कुत्रं तसंच राहतं, कधी जास्त बिथरतं. दंडाच्या पावतीवर "चावऱ्या कुत्र्यासाठी नसबंदी" लिहून प्रश्न सुटत नाही.

ऑपरेशन करायचं ठरलं तर खान्देशात दोन गोष्टी आधी बघा, गोचीड आणि ऊन. गोचिडाच्या तापात प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) उतरतात आणि वरून कुत्रं ठणठणीत दिसतं. मग पोट उघडल्यावर रक्त थांबत नाही. म्हणून सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), लिव्हर आणि किडनीची तपासणी केल्याशिवाय टेबलावर चढवू नका. प्लेटलेट कमी आल्या तर आधी तापाचा उपचार. भुलीतून उठणाऱ्या कुत्र्याला अंगाचं तापमान सांभाळता येत नाही. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांचा, पत्र्याखाली ठेवलेलं कुत्रं त्यातच जातं. पगसारख्या चपट्या नाकाच्याला तर उन्हाळ्यात हात लावू नये. पावसाळ्यात माश्या बसून टाक्यांत अळ्या पडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं, फक्त पहिली रात्र गोणपाट-गोधडीत ऊबेला ठेवा.

मादी माजावर असताना करू नका, तेव्हा रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात; माज संपल्यावर अडीच-तीन महिने जाऊ द्या. आदल्या रात्रीनंतर खाणं बंद. "एक पोळी दिली फक्त" म्हणणाऱ्याच्या कुत्र्याला भुलीत उलटी होते आणि ती फुप्फुसात जाते. डॉक्टरांना विचारायला लाजू नका: शिरेत सलाईनची सुई ठेवणार का, दुखणं कमी करणारं औषध देणार का, दोन्ही अंडाशय पूर्ण काढणार ना? तुकडा राहिला तर काही महिन्यांनी मादी पुन्हा माजावर येते. घरी आणल्यावर पहिला दिवस दर दोन तासांनी ओठ उचलून हिरडी बघा. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. पांढरट राहत असेल आणि पोट फुगत असेल तर आत रक्त वाहतंय, सकाळची वाट बघू नका. टाके दहा-बारा दिवसांनी निघतात. तोवर गळ्यात कोन (टाके चाटता येऊ नयेत म्हणून घालायचं शंकूसारखं आवरण), आंघोळ नाही, उड्या नाहीत. कोन काढून टाकला तर एका रात्रीत टाके चाटून उसवतात. नराला पुढचा महिनाभर माद्यांपासून दूर ठेवा, नळीत उरलेलं बीज असतं.

नंतर वजन वाढतं ही तक्रार खरी आहे, पण ते भाकरीने वाढतं. ऑपरेशननंतर कुत्र्याला साधारण पाव हिस्सा कमी खाणं पुरतं. तीन भाकरी खात असेल तर सव्वादोन करा, वरचं दूध-तूप थांबवा. (आणि भरीत उरलं म्हणून त्याला घालू नका, कांदा-लसणाने कुत्र्याचं रक्त फुटतं.) मोठ्या जातीच्या काही माद्यांना झोपेत मूत गळण्याचा त्रास होतो. त्यावर गोळ्या आहेत, पण तो होऊ शकतो हे आधी सांगायला हवं.

पिल्लं विकणाऱ्यांबद्दल मात्र मला दयामाया नाही. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. आपल्याकडे महिन्याभराची लॅबची पिल्लं टोपलीत घालून विकली जातात, कागद नाही, लस नाही. विकली न गेलेली मादी पिल्लं गोणीत घालून सुरत-नागपूर महामार्गाच्या कडेला. एका मादीपासून सहा वर्षांत हजारो कुत्री होतात हे फॉरवर्ड थोतांड आहे, कारण रस्त्यावरची बहुतेक पिल्लं वर्षसुद्धा काढत नाहीत. पण मरतात म्हणून जन्माला घालायची, हा कुठला न्याय?

दंडाआधी सोय हवी. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा सगळा दिवस गाई-म्हशींत जातो, आणि कुत्रीचं पोट उघडायला लागणारी भूल, स्वच्छ खोली, मदतनीस तिथे सहसा नसतात. धडगावच्या माणसाला कुत्री घेऊन शहाद्याला किंवा नंदुरबारला जा म्हणायचं, दंडाची भीती घालायची, तर तो एकच करील: विचारलं की "हे कुत्रं माझं नाही" म्हणेल. नुसत्या दंडाच्या सक्तीमुळे पाळीव कुत्री कागदावर भटकी होतील. त्यापेक्षा नोंदणी फुकट करा, नसबंदी झालेल्याला वार्षिक शुल्क माफ, न झालेल्याला भरपूर, आणि मोकळं आढळलेलं नसबंदीविना कुत्रं दुसऱ्यांदा सापडलं की मालकाच्या खर्चाने ऑपरेशन.

गावपातळीवर शिबिर घेणाऱ्या ग्रामपंचायतींनी एका दिवसाला डॉक्टरामागे दहा-बारा माद्यांवर जाऊ नये. मळ्यावरच्या कुत्र्यांना आदल्या संध्याकाळीच बांधून घ्यायला सांगा, नाहीतर रात्रीतून कुठेतरी उकिरड्यावर खाऊन येतात. ऑपरेशननंतर मादीला निदान चार दिवस कोरड्या, बंद जागेत ठेवायची सोय आधी बघा. शाळेची खोली चालते, शाळेला सुट्टी असेल तर. रेबीजची लस त्याच भेटीत टोचा, आणि कानाला खाच मारा म्हणजे पुढच्या वर्षी तीच मादी पुन्हा पकडली जाणार नाही. कपाशी वेचणीच्या ऐन दिवसांत तारीख ठेवू नका, कुत्रं धरून आणायला घरात माणूसच नसतो.