भाजलेल्या ग्राहकाने कंपनीला त्रास कसा देऊ नये

समजा, उशाशी चार्जिंगला लावलेली पॉवर बँक पहाटे फुटली. गादीला भोक पडलं, तळहातावर फोड आले. चार दिवसांनी ईमेल आला की या मॉडेलच्या बॅटऱ्या जास्त तापतात, म्हणून कंपनी सगळा माल परत बोलावत आहे, म्हणजे ‘रिकॉल’ करत आहे. अशा वेळी माणूस चिडतो, शेजारचे काका ‘ग्राहक आयोगात जा’ म्हणून भर घालतात आणि बिचाऱ्या कंपनीच्या वकिलांना रविवारी ऑफिसला यावं लागतं. हे सगळं टाळता येतं.

आधी घर आवरा. तो काळवंडलेला डबा घरात बरा दिसत नाही, सकाळच्या घंटागाडीत टाकून द्या. (गाडीही पेटेल कदाचित, पण तो महापालिकेचा प्रश्न.) सदोष वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेण्याची सोय २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे, वस्तूच उरली नाही तर आयोग तपासणार काय? टाकवत नसेल तर सर्व्हिस सेंटरला देऊन या. देताना फोटो काढू नका, सिरियल नंबर टिपू नका, वस्तू जमा केल्याची पावती, म्हणजे जॉबशीट, तर मुळीच मागू नका. समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. पुढे ‘ग्राहकाने लोकल चार्जर वापरला’ असा अहवाल येईल. तो मान खाली घालून ऐका.

दवाखान्यात ‘चहा सांडला’ असं सांगा. ‘बॅटरी फुटली’ म्हणालात तर डॉक्टर केसपेपरवर तसंच लिहून ठेवतात. त्याहून उत्तम म्हणजे टूथपेस्ट चोपडून घरीच बसावं. ना केसपेपर, ना औषधांची बिलं.

खरेदीच्या बिलाबाबत तर आपण आधीपासूनच आदर्श आहोत. जीएसटी वाचवायला कच्चं बिल घेतलं, तिथेच अर्धी लढाई कंपनीने जिंकली. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का नाही, बनवणाऱ्याचं नाव-गाव नाही, अशी स्टेशनबाहेरची पॉवर बँक असेल तर दुकानदार म्हणेल, ‘साहेब, मी फक्त विकली.’ त्याला हो म्हणा. बनवणाऱ्याचा पत्ताच लागत नसेल तर विकणाऱ्यालाही जबाबदार धरता येतं, असं कलम ८६ मध्ये आहे. उगाच त्याला सांगून त्याचा धंद्याचा मूड घालवू नका.

आता मुख्य प्रसंग. कंपनीतून गोड आवाजात फोन येतो: ‘सर, नवीन पीस देतो, वर गुडविल म्हणून एक व्हाउचर.’ सोबत एक कागद असतो, ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’ असं मथळ्यात लिहिलेला. वाचत बसू नका, बारीक अक्षरांनी डोळे दुखतात. वाचलात तर नसते प्रश्न पडतील. रिकॉलमध्ये मिळते ती वस्तूची बदली किंवा किंमत, हाताचं काय? कायद्याने ‘नुकसान’ म्हणून जे धरलंय त्यात फुटलेली वस्तू नाहीच. त्यात आहे शरीराला झालेली इजा, त्या इजेपायी झालेला मनस्ताप आणि तुमची गादी. शिवाय कलम ८४ पाहा: वस्तूत निर्मितीचा किंवा रचनेचा दोष होता, किंवा धोक्याची पुरेशी सूचना दिली नव्हती, एवढं दाखवलं की उत्पादक अडकतो. कंपनीच्या मनात काय होतं ते शोधायला तुम्हाला कुणी सांगत नाही. असल्या कलमांपुढे कंपनीला एकच आधार, तुमची सही. करून टाका.

नवीन पीस आला की तोही उशाशीच ठेवा. २०१६ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी नोट ७ परत बोलावले आणि बदली म्हणून दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीचे ‘सुरक्षित’ फोन दिले. त्यातला एक ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत लुईव्हिलला, विमानात प्रवासी बसत असतानाच धुमसला. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीनेच सांगितलं की पहिल्या बॅटरीत इलेक्ट्रोड कोपऱ्यात वाकले होते, दुसरीत वेल्डिंगचे कंगोरे राहिले होते. पुरवठादार बदलला, दोष बदलला, धूर तेवढा तोच.

आपल्याकडे २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात ओलाची बॅटरीवरची स्कूटर पेटली. प्राथमिक तपासानंतर कंपनी म्हणाली की ही बहुधा एकटीदुकटी घटना आहे, आणि त्याच बॅचच्या १,४४१ स्कूटर तपासायला परत बोलावल्या. एकट्यादुकट्या घटनेला एवढा मोठा गोतावळा! तेव्हा रिकॉलचा ईमेल आलाच तर ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांसारखा पाहताक्षणी डिलीट करा; दोषाकडे बोट दाखवणारा तेवढा एकच कागद कंपनीने स्वतःहून तुमच्या हातात दिलेला असतो. किंवा नीट वाचा आणि तीच वस्तू वापरत राहा. कंपनीच्या वकिलाला उलटतपासणीचा पहिला प्रश्न आयता मिळेल.

एवढं करूनही घरातलं एखादं शिकलेलं पोर ऐकणार नाही. ते सांगेल की बाबांनी घेतलेला फोन माझ्या हातात फुटला तरी मीही ग्राहकच, तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क शून्य, वकील सक्तीचा नाही आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला की माहिती मिळते. पोर खरं बोलतंय, म्हणून तर त्याला गप्प करायचं. निकाल तीन महिन्यांत, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असंही कायद्यात छापलेलं आहे. आयोगाच्या बाकड्यावर बसून तारखा मोजणाऱ्यांना हे मोठ्याने वाचून दाखवा. तेवढीच त्यांची करमणूक.

तुम्ही मात्र ‘तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ या ईमेलवर भरवसा ठेवून दर महिन्याला नवा तिकीट नंबर घेत राहा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते, ती अशीच मजेत सरते. त्यानंतर जाग आलीच तर उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो, फक्त त्यात सबळ कारण द्यावं लागतं. कारणाच्या जागी लिहा: ‘कंपनी फोन करणार होती.’