२५ तासांचा दिवस कुठे काढायचा?

डेस्कटॉप कॅलेंडरवरच्या एका लेखात म्हटलंय की डेस्कटॉपसाठी कॅलेंडर फ्रेमवर्क (इतर प्रोग्रामरना आपापल्या अ‍ॅपमध्ये वापरता येईल असा कॅलेंडरचा तयार सांगाडा) बनवणं हे मुख्यतः रेखाटनाचं काम आहे, तारखांचं गणित जावा या प्रोग्रामिंग भाषेत आवृत्ती ८ पासून आलेल्या तयार लायब्ररीवर सोडून द्यावं. हे काही पटलं नाही. आमची पुण्यातली टीम जर्मनीतल्या क्लायंटसाठी जावाएफएक्समध्ये (जावात डेस्कटॉपचे पडदे बनवायचं साधन) ड्युटी-रोस्टर, म्हणजे कामाच्या पाळ्यांचं वेळापत्रक, बनवत होती. आठवड्याच्या व्ह्यूमध्ये दर दिवसाला तासाची एक अशा २४ ओळी, सगळं झकास. पण तिकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ तीनवरून परत दोनवर येतं. १:३० ते ३:३० ही पाळी प्रत्यक्षात तीन तासांची, पडद्यावरचा ठोकळा मात्र दोन तासांचा! लायब्ररी अवधी बरोबर मोजते हो, पण दोनदा वाजणारे अडीच कुठल्या ओळीत दाखवायचे हे ती सांगत नाही. ते फ्रेमवर्कनेच ठरवायचं. आपल्याकडे घड्याळ मागेपुढे होतच नाही, मग इथल्या टेस्टिंगमध्ये हे सापडणार कसं?

आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदींचे नियम तर लेखात एका ओळीत उरकलेत. 'दर महिन्याच्या ३१ तारखेला' असं लिहिलं की आरएफसी ५५४५ (कॅलेंडरच्या नोंदी कशा लिहायच्या हे ठरवणारं प्रमाणक) प्रमाणे ३० दिवसांचे महिने चक्क गाळले जातात. वापरणाऱ्याला हवी असते महिनाअखेर, आणि तिच्यासाठी तारखेच्या जागी उणे एक (शेवटून पहिला दिवस) लिहावा लागतो. तो पर्याय पहिल्या आवृत्तीच्या डायलॉगमध्येच हवा. 'फक्त ही नोंद बदलू की यापुढच्या सगळ्या?' हा प्रश्नही तिथेच. एपीआय (इतरांचे प्रोग्राम ज्यातून फ्रेमवर्क वापरतात तो भाग) एकदा बाहेर पडला की नंतर त्याला हात लावायला कोणी देत नाही.