प्रस्तुत संशोधकाच्या निदर्शनास आले की...

अभिनंदन. पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा 'पेट' सुटली, गाइड मिळाले, सिनॉप्सिस आरआरसीतून, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन समितीतून, पार पडला. आता फक्त प्रबंध लिहायचा राहिला आणि आपल्याला लिहिता येत नाही, अशी धास्ती तुम्ही घेतली आहे. खरी अडचण उलटी आहे. तुम्हाला लिहिता येतं. मेसच्या मालकाची तक्रार तुम्ही चार ओळींत अशी लिहिता की वाचणाऱ्याला आमटीचा पातळपणा डोळ्यांसमोर दिसतो. ही खोड आधी मोडायला हवी.

शीर्षकात फार डोकं घालू नका. विषय लिहा, दोन टिंबं द्या आणि पुढे 'एक चिकित्सक अभ्यास' लावा. नुसता 'एक अभ्यास' पीएच.डी.आधीच्या एम.फिल.ला चालायचा, पण यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ च्या नियमावलीत एम.फिल.च बंद केलं. शेवटी 'विशेष संदर्भ' म्हणून तालुका टाका. शक्यतो स्वतःचाच, राहायची-जेवायची सोय होते.

आता मुख्य काम, वाक्यरचना. समजा तुम्ही दुष्काळी भागातल्या मुलींच्या शिक्षणावर काम करताय आणि पहिल्याच दिवशी गावात एका बाईंनी सांगितलेलं तुम्ही वहीत जसंच्या तसं उतरवलंय : "वरच्या अंगाला बागायतदारांनी सहा बोअर मारले, खालची विहीर आटली, पाण्याला पोरी लागल्या, त्यांची शाळा सुटली."

हे वाक्य प्रबंधात चुकूनही जाता कामा नये. कोणी केलं, काय केलं, कोणाचं नुकसान झालं, सगळं उघडं पडलंय. बागायतदारांपैकी एखादे तुमच्याच संस्थेच्या कार्यकारिणीवर निघाले तर?

म्हणून आधी कर्ता काढून टाका. 'बागायतदारांनी बोअर मारले' याचं 'विंधन विहिरी घेण्यात आल्या' करा. कोणी घेतल्या हे विचारायची सोयच उरत नाही. बागायतदार सुटले, तुम्हीही सुटलात. मग क्रियापदाचं नाम करा. विहीर 'आटली' म्हटलं की कोरडा तळ दिसतो. 'भूजल पातळीतील घट' म्हटलं की काहीच दिसत नाही. सहा हा आकडाही नको, कोणीतरी मोजायला जाईल. पोरींच्या 'किशोरवयीन विद्यार्थिनी' करा आणि त्यांच्या डोक्यावरचा हंडा उतरवून ठेवा, तो संशोधनाच्या व्याप्तीत बसत नाही. वरून थोडं परिप्रेक्ष्य शिंपडा. तयार झालेलं वाक्य असं :

"प्रस्तुत अध्ययनक्षेत्रातील भूजल पातळीतील घटीच्या परिप्रेक्ष्यात किशोरवयीन विद्यार्थिनींच्या शैक्षणिक सातत्यावर काही अंशी विपरीत परिणाम संभवत असल्याचे प्रस्तुत संशोधकाच्या निदर्शनास आले आहे."

'काही अंशी' आणि 'संभवत' दोन्ही ठेवलेत, कारण एक निसटलं तर दुसरं हाताशी असावं. 'प्रस्तुत' दोनदा आलंय, ते राहू द्या. आता या वाक्याला कोर्टात खेचा, ग्रामसभेत वाचा नाहीतर त्या बागायतदारांनाच नेऊन दाखवा. ते उलट तुमचा सत्कार करतील.

वाचन करा, पण जपून. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्यापासून विशेष लांब राहा. बर्लिनची डॉक्टरेट, डेक्कन कॉलेजात प्राध्यापकी, आणि तरी मराठी अशी की कोणालाही कळावी! अशा लेखिकेचा नव्या संशोधकावर वाईट परिणाम होतो. संदर्भसूचीत नाव जरूर घाला, पुस्तक उघडू नका. त्यापेक्षा दुसऱ्या प्रकरणात फुको आणि देरिदा हे फ्रेंच तत्त्वज्ञ आणा. त्यांनी तुमच्या तालुक्यासाठी काय करावं याचा विचार करायची गरज नाही. प्रकरण संपलं की ते आपापल्या घरी जातात. फक्त एकाच पानावर फुको, फूको आणि फुकॉ असे तिघं आले तर तीन ठिकाणांहून उचललंय हे दिसतं. डीटीपीवाल्याला सांगून सगळे एकसारखे करून घ्या.

काही विघ्नसंतोषी माणसं तुम्हाला डॅनियल ओपनहायमर यांचा दाखला देतील. उगाच जड शब्द वापरले की वाचणाऱ्याला लेखक अधिक हुशार वाटण्याऐवजी कमीच हुशार वाटतो, असं या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवलं. त्याबद्दल त्यांना २००६ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिकही मिळालं. मिळू दे. त्यांचे प्रयोग अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर झाले, आपले बहिःस्थ परीक्षक त्यात नव्हते.

मी तरी ॲलन सोकल यांचं उदाहरण घेईन. या भौतिकशास्त्रज्ञाने भारदस्त शब्दांत मुद्दाम निरर्थक लेख लिहून 'सोशल टेक्स्ट' या अमेरिकी नियतकालिकाकडे पाठवला आणि संपादकांनी तो १९९६ मध्ये छापला. सोकल यांचं चुकलं ते पुढे. ती सगळी थट्टा होती, हे त्यांनी स्वतःच जाहीर करून टाकलं. इतकं जमलेलं काम कोणी असं वाया घालवतं का?

सर्वेक्षण सोपं असतं. 'पाणीटंचाईचा शिक्षणावर परिणाम होतो असे आपणास वाटते काय? होय / नाही.' आलेल्या उत्तरांचा तक्ता करा. तक्त्याखाली त्याच आकड्यांचा रंगीत वर्तुळालेख द्या. त्याखाली 'वरील तक्त्यावरून व आलेखावरून असे दिसून येते की' अशी सुरुवात करून तेच आकडे अक्षरांत लिहा. एका होय-नाहीत दोन पानं निघतात. असे पंचवीस प्रश्न घेतले की चौथं प्रकरण संपलं. गृहीतक सिद्ध होणारच, त्याची काळजी नको. सिद्ध न झालेलं गृहीतक घेऊन पीएच.डी. झालेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता चोरीबद्दल. हा शब्द वापरू नका, 'साधर्म्य' म्हणा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत साधर्म्याला शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत गेलात तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, त्यापुढे साठपर्यंत वर्षभर बंदी आणि साठच्या वर नोंदणी रद्द. अवतरणचिन्हांत घालून, मूळ लेखकाचं नाव देऊन घेतलेला मजकूर यात मोजत नाहीत. पण तो मार्ग फार सरळ आहे, त्यात कसब दिसत नाही. कसब समानार्थी शब्दांत आहे. इंग्रजीत हे पुष्कळ पुढे गेलंय. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफीट कॉन्शसनेस' आणि 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बुझम पेरिल' केलेले शोधनिबंध रीतसर छापून आले. २०२१ मध्ये गिओम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते हुडकून काढले नसते तर कोणाच्या गावीही नव्हतं. मराठीने मागे का राहावं? 'शेतकरी आत्महत्या'चं 'कृषक स्वयंहनन' करा. साधर्म्य मोजणारं यंत्र हसत नाही, आणि प्रबंध पहिल्यांदा यंत्रच वाचतं. बरेचदा शेवटचंही तेच.

जुन्या लोकांना एवढेही कष्ट नव्हते. युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये प्रबंध टाइप केला की पडद्यावर शुद्ध मराठी दिसायची आणि यंत्राच्या हाती रोमन अक्षरांचा चिवडा लागायचा. साधर्म्य शून्य! आता बऱ्याच ठिकाणी युनिकोड मागतात. चांगले दिवस गेले.

शोधनिबंध छापायची सक्तीही २०२२ च्या त्याच नियमावलीने काढली. तरीही छापा. पुढे मुलाखतीत विचारतात. किती छापले ते विचारतात. काय छापलं ते विचारल्याचं कोणी सांगत नाही.

शिफारशींचं प्रकरण एका संध्याकाळी होतं. 'शासनाने योग्य ती पावले उचलावीत', 'समाजात जाणीवजागृती व्हावी', 'यासंदर्भात सर्वंकष धोरण आखण्यात यावे'. कोणती पावलं, कोणत्या खात्याने, कधी, यात शिरू नका. बोअरचा विषय तर इथे नकोच, कर्त्याला मघाशी मोठ्या कष्टाने घालवलंय.

बाइंडिंग मरून रेक्झिनचं, अक्षरं सोनेरी. मौखिकी, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं, म्हणून वेळ जेवणाच्या जरा आधीची मिळते का बघा. प्रश्न विचारणाऱ्यांचाही उत्साह तेवढा कमी असतो. एक प्रश्न मात्र हमखास येतो : या विषयात पुढील संशोधनाला वाव कुठे आहे? उत्तर पाठ करून जा. किंचित वाकून, बहिःस्थ परीक्षकांकडे बघत म्हणायचं, "सर, आपल्या मार्गदर्शनाखाली भरपूर आहे."