गाडीचं वजन म्हणजे गाडीची ताकद नव्हे

‘पूर्वीच्या गाड्या लोखंडाच्या असायच्या, आताचे नुसते पत्र्याचे डबे’ अशी सुरुवात असलेला मेसेज गेली कित्येक वर्षं फिरतोय. सोबत पुढून चेंदामेंदा झालेल्या एका नव्या गाडीचा फोटो असतो. म्हणणं थोडक्यात असं: नवी गाडी धडकेत चुरगळते, म्हणजे ती कमकुवत. दार अंगठ्याने दाबलं तर आत जातं. कंपन्या वजन कमी करतात ते फक्त स्वतःचा नफा वाढवायला. हलकी गाडी वेगात रस्ता सोडते. तेव्हा जुनी जड गाडी घ्या, आणि नवीच घ्यायची असेल तर पुढे लोखंडी गार्ड बसवून घ्या.

आजवर मी हा मेसेज न बोलता पुसून टाकत आले. या वेळी तो माझ्या आत्याकडे पोचला, तिला पटला, आणि आतेबहिणीची ठरलेली नवी गाडी रद्द करून ओळखीतली वीस वर्षांची, एकही एअरबॅग नसलेली ‘भक्कम’ गाडी घ्यायचं घरात जवळजवळ पक्कं झालं. त्या गाडीच्या मागच्या सीटवर माझी दीड वर्षाची भाची बसणार होती. त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी चेपण्याबद्दल, कारण सगळा मेसेज त्या एका फोटोवर उभा आहे.

ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीवर आदळली तर ती थांबणारच. किती अंतरात थांबते, यावर आतल्या माणसाचा जीव अवलंबून असतो. पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपला तर थांबताना सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १६ पट झटका बसतो. पुढचा भाग हटलाच नाही, जेमतेम १० सेंटिमीटर दबला, तर तोच झटका ९८ पटींवर जातो. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, एवढंच हे गणित. शाळेच्या पुस्तकात आहे, कुणीही करून पाहावं. जोरात आलेला चेंडू झेलताना आपण हात मागे नेतो ते याच कारणाने. जुन्या गाड्यांच्या अपघातात ‘गाडीला काही झालं नाही, पण माणूस गेला’ असं जे लोक सांगतात, ते खरंच सांगतात. गाडीने सोसलं नाही ते माणसाच्या छातीने आणि मानेने सोसलं.

बेला बारेन्यी या मर्सिडीज-बेंझच्या अभियंत्याने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हा विचार पेटंटमध्ये मांडला. माणसं बसतात तो मधला भाग कणखर, पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चेपणारा. १९५९ साली ही रचना विक्रीच्या गाडीत आली. त्याच वर्षी व्होल्वोच्या निल्स बोहलिनचा तीन ठिकाणी बांधला जाणारा सीटबेल्टही गाड्यांत बसू लागला. आज आपण ज्याला सुरक्षित गाडी म्हणतो तिचे दोन पाये त्या एका वर्षात घातले गेले.

आणि १९५९ चीच आणखी एक गाडी इथे महत्त्वाची आहे: शेव्हरोले बेल एअर. लांबलचक, जाड पत्र्याची, क्रोमने मढवलेली. मेसेज लिहिणाऱ्याच्या मनात असते तशीच. अमेरिकेत ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ नावाची संस्था आहे. तिचा खर्च विमा कंपन्या उचलतात, त्यामुळे एखाद्या कार कंपनीची गाडी चांगली ठरवण्यात तिचा काही फायदा नाही. २००९ मध्ये, आपल्या पन्नासाव्या वर्षी, या संस्थेने ही बेल एअर आणि त्याच कंपनीची २००९ ची मालिबू एकमेकींवर समोरासमोर सोडली. दोघींचा वेग ताशी ६४ किलोमीटर, धडक चालकाच्या बाजूने अर्धवट. वजनात दोघींत फारसा फरक नव्हता.

याची चित्रफीत इंटरनेटवर आहे, ज्याने तो मेसेज पुढे पाठवला त्याने ती एकदा पूर्ण पाहावी. मालिबूचा पुढचा भाग नाहीसा झाल्यासारखा चेपतो आणि विंडशील्डपाशी येऊन चेपणं थांबतं. चालकाची जागा जशीच्या तशी राहते. बेल एअरमध्ये चालकाची अख्खी बाजू आत कोसळते, स्टिअरिंग डमीच्या, म्हणजे चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या, अंगावर येतं. संस्थेचा निष्कर्ष: मालिबूचा चालक पायाच्या दुखापतीवर निभावला असता, बेल एअरचा जागीच गेला असता.

‘जुनी गाडी गंजलेली असेल’, ‘तिच्यात इंजिनच नव्हतं’ असे आक्षेप तेव्हाही घेतले गेले. इंजिन होतं, सहा सिलिंडरचं. सांगाडाही धड होता. कमी होतं ते डोकं लावून केलेलं डिझाइन: कुठे वाकायचं आणि कुठे अजिबात वाकायचं नाही, हे त्या पोलादाला कुणी शिकवलेलं नव्हतं.

‘अजिबात वाकायचं नाही’ हा भाग लोक विसरतात, म्हणून तोही सांगते. आजच्या चांगल्या गाडीत छताला धरणारे खांब, दाराखालची पट्टी आणि दारातला आडवा दांडा बोरॉनयुक्त पोलादाचे असतात. हे पोलाद सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तापवून साच्यात दाबतात आणि साच्यातच झटकन थंड करतात. तयार भागाची ताणशक्ती, म्हणजे तुटण्याआधी तो किती ताण पेलतो ते माप, १५०० मेगापास्कलच्या आसपास जाते. पूर्वीच्या गाड्यांचं साधं मऊ पोलाद सहसा याच्या पाव हिश्शाच्या पुढे जात नसे. म्हणून तोच खांब पातळ आणि हलका करूनही जास्त भार घेतो. अपघातानंतर गाडी कापून माणसं काढणाऱ्या बचाव पथकांना या पोलादासाठी जास्त ताकदीची कटर घ्यावी लागली. पत्र्याच्या डब्यासाठी अशी वेळ येत नाही.

आता गार्ड. मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच आहे.

चेपणारा भाग धडकेचा जोर ठरावीक क्रमाने पोटात घेतो: आधी बंपरमागची आडवी पट्टी, मग तिच्यामागच्या छोट्या नळ्या, मग लांब दांडे. एअरबॅग उघडायची की नाही, हे सेन्सर याच क्रमावरून काही मिलिसेकंदांत ठरवतात. त्यांची जुळणी त्या गाडीच्या मूळ रचनेवर झालेली असते. तिच्यापुढे लोखंडी सापळा बोल्टने आवळला की तो सगळा जोर चार-दोन जागांतून थेट लांब दांड्यांवर ढकलतो. क्रम बिघडतो, सेन्सरला वेगळाच झटका जाणवतो, एअरबॅग चुकीच्या क्षणी उघडू शकते किंवा उशिरा उघडू शकते. पैसे मोजून आपणच आपली गाडी बेल एअरच्या दिशेने मागे नेतो.

आणि रस्त्यावर चालणाऱ्या माणसाचं काय? बंपरचं प्लॅस्टिक, त्यामागचा फोम, बोनेट आणि इंजिन यांच्यात सोडलेली मोकळी जागा, हे सगळं पादचाऱ्याचं डोकं आणि गुडघे वाचावेत म्हणून मऊ ठेवलेलं असतं. तिथे लोखंडी नळी लावली की ती बरोबर लहान मुलाच्या छातीच्या आणि डोक्याच्या उंचीवर येते. ज्या आजोबांनी हा मेसेज ‘नातवंडांच्या काळजीपोटी’ म्हणून पुढे पाठवला, त्यांनी रस्ता ओलांडणाऱ्या दुसऱ्याच्या नातवंडाचा विचार करावा. मला या मुद्द्यावर सौम्यपणे बोलता येत नाही.

अंगठ्याची परीक्षा दोन ओळींत संपवते. दाराचा बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्याचं काम रंग धरणं, आकार देणं आणि पाऊस अडवणं एवढंच आहे. धडक घेणारा दांडा त्याच्या आत असतो, तिथे अंगठा पोचत नाही.

वजनाच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. दोन टनांची आणि एक टनाची गाडी ताशी ५० ने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या, तर दोन्ही मिळून जड गाडीच्या दिशेने ताशी साधारण १७ किलोमीटरने सरकतील. म्हणजे जड गाडीच्या वेगात ३३ चा बदल झाला, हलक्या गाडीच्या वेगात ६७ चा. हलक्या गाडीतल्या माणसांना दुप्पट सोसावं लागतं. म्हणूनच वेगवेगळ्या वजनगटांतल्या गाड्यांचे क्रॅश टेस्टचे तारे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

पण हा फायदा फक्त दुसऱ्या, हलक्या गाडीशी टक्कर झाली तरच मिळतो, आणि तो त्या दुसऱ्या गाडीतल्यांच्या जिवावर मिळतो. झाड, कठडा किंवा पुलाचा खांब समोर आला तर जादा वजन म्हणजे जिरवायची जादा ऊर्जा. प्रत्येकाने शेजाऱ्यापेक्षा जड गाडी घ्यायची ठरवली तर शेवट कुठे होतो ते दिसू लागलंच आहे. जीएमसीच्या इलेक्ट्रिक हमरचं वजन चार टनांवर गेलंय आणि तिची एकटी बॅटरी सुमारे १३०० किलोची, म्हणजे एका अख्ख्या छोट्या कारएवढी आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्ष जेनिफर होमेंडी यांनी २०२३ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

शिवाय जुन्या गाड्या सरसकट जड होत्या, हेच मुळात खोटं आहे. १९५९ ची मूळ मिनी ६०० किलोच्या आसपास होती, आजची मिनी ११०० च्या वर आहे. १९७४ ची पहिली गोल्फ सुमारे ८०० किलोची, आजची १२०० च्या पुढे. एअरबॅग, मजबूत सांगाडा, एसी, आवाज अडवणारे थर, मोठी चाकं यांनी गाड्या वर्षानुवर्षं फुगत गेल्या. आज वजन उतरवण्याची जी धडपड चालू आहे ती या फुगलेल्या आकड्यावर आहे.

‘वजन कमी म्हणजे कंपनीची चोरी’ हा आरोप तर पायाच नसलेला. किलोमागे ॲल्युमिनियम पोलादापेक्षा कितीतरी महाग पडतं, कार्बन फायबर त्याहून महाग. फोर्डने २०१५ च्या एफ-१५० ला ॲल्युमिनियमची बॉडी दिली आणि ३०० किलोपर्यंत वजन उतरवलं. हा बचतीचा नव्हे, खर्चाचा निर्णय होता. परवडणाऱ्या गाडीत ॲल्युमिनियम सहसा झेपत नाही. तिथे जास्त ताकदीचं पोलाद कमी प्रमाणात वापरतात, किंवा दाराच्या आतल्या भागासाठी बिजागरीपाशी जाड आणि बाकी ठिकाणी पातळ असे पत्रे लेझरने जोडून मग साच्यात दाबतात. बॉडी हलकी झाली की लहान इंजिन पुरतं, ब्रेक लहान चालतात, सस्पेन्शनवरचा भार घटतो, आणि त्यातून आणखी वजन उतरतं. याचा फायदा ग्राहकालाही रोज मिळतो: अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाने वजन १० टक्के कमी झालं तर गाडीचं मायलेज ६ ते ८ टक्के सुधारतं.

हलकी, स्वस्त आणि टिकाऊ या तिन्ही गोष्टी एका गाडीत बसतात हे शंभर वर्षांपूर्वीच दिसलं होतं. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये १९०८ साली व्हॅनेडियम पोलाद वापरलं गेलं. ते जास्त ताकदीचं, म्हणून कमी लागायचं, आणि गाडी साडेपाचशे किलोच्या आसपास राहिली. तिची किंमत ८५० डॉलरपासून सुरू झाली आणि १९२५ पर्यंत २६० डॉलरवर उतरली. उतरण्याचं मोठं श्रेय फिरत्या जुळणी पट्ट्याला (असेंब्ली लाइनला) जातं हे खरं. पण त्या खडबडीत रस्त्यांवर ती हलकेपणामुळे मोडली नाही, तगली.

वेगात उडण्याबद्दल थोडंच. रस्त्यावरची पकड टायर, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि वाहती हवा गाडीला खाली किती दाबते यांवर ठरते. फॉर्म्युला वनची गाडी चालकासकट ८०० किलोच्या आसपास असते. आणि हलकी गाडी धडकेत टिकत नाही म्हणाल, तर २०२० मध्ये बहरीनच्या शर्यतीत चालक रोमाँ ग्रोजाँची अशीच गाडी ताशी १९२ किलोमीटरने कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले, पेटली. कार्बन फायबरची चालकाची कोठडी टिकली आणि ग्रोजाँ त्या आगीतून स्वतः बाहेर आला.

कंपन्यांवरचा एक राग मात्र मला मान्य आहे. स्वस्त गाडीत खरी लबाडी होते. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांच्या क्रॅश टेस्ट घेणाऱ्या संस्थेने, वर सांगितलेल्या विमा संस्थेबरोबर, मेक्सिकोत विकली जाणारी निसान त्सुरू आणि अमेरिकेत विकली जाणारी निसान व्हर्सा यांची टक्कर घडवली. दोन्ही आपापल्या बाजारात त्या कंपनीच्या सगळ्यात स्वस्त गाड्यांपैकी. त्सुरूची चालकाची जागा चिरडली गेली, एअरबॅग नव्हतीच. पण नीट पाहा: त्सुरू ही पातळ पत्र्याची ‘आधुनिक’ गाडी नव्हती. ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची रचना होती, जशीच्या तशी वर्षानुवर्षं विकलेली. म्हणजे मेसेज जी जुनी ‘लोखंडी’ गाडी घ्यायला सांगतो, तीच. २०१७ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

तेव्हा तपासायचंच असेल तर क्रॅश टेस्टचा अहवाल उघडून दोन गोष्टी पाहाव्यात. चाचणी आपण घेतोय त्याच व्हेरिएंटची, तेवढ्याच एअरबॅगांसह झाली आहे का, आणि माणसं बसतात त्या सांगाड्यापुढे ‘स्थिर’ लिहिलंय की ‘अस्थिर’. अस्थिर असेल तर ती गाडी सोडून द्यावी, मग ती दीड टनाची असो की अडीच.