ओरिजिनल सीडी घेतली तेच चुकलं

२०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला बुडाला. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली. टीव्ही गेला, गाद्या गेल्या, आईच्या लग्नातली पेटी गेली. वाचलं काय, तर माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात ठेवलेली ‘मिडटाऊन मॅडनेस २’ या गाड्या पळवायच्या गेमची ओरिजिनल सीडी. एक चरा नाही तिच्यावर. कृष्णामाईनं सोडली, पण गेल्या रविवारी नव्या लॅपटॉपनं तिचा निकाल लावला!

लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही, तेव्हा बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणला. सीडी गरगर फिरली, तो आवाज ऐकून अंगावर काटा आला मर्दा. डबल क्लिक केलं. ढिम्म! परत केलं. ढिम्म! ‘चालणार नाही’ एवढं सांगायचं तरी सौजन्य दाखवा की.

तीन तास डोकं फोडल्यावर कळलं, घोडं कुठं अडलंय ते. त्या काळी कॉपी मारू नये म्हणून सीडीला सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं आणि ते उघडायला विंडोजमध्ये ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लागायचा. त्या ड्रायव्हरमध्येच सुरक्षेचं भगदाड निघालं, म्हणून २०१५ ला विंडोज १० आलं तेव्हा त्याला बाहेरच ठेवलं. बरोबर केलं, मान्य. पण ज्यानं पैसे मोजले त्यानं काय करायचं? माझ्या चुलतभावाकडं तीस रुपयांची कुलूप तोडलेली कॉपी होती, मार्करनं नाव लिहिलेली. ती थोडी कुरकुरली आणि याच लॅपटॉपवर पळाली! म्हणजे वडिलांनी पुण्याहून ओरिजिनल आणून दिली, तो गाढवपणा झाला म्हणायचा.

विकत घ्यावी म्हटलं तर हा गेम आज ऑनलाइन कुठल्याच दुकानात नाही. विश्रामबागेतला दुरुस्तीवाला म्हणतो, ‘कशाला ते जुनं दादा? मोबाईलवर खेळा की.’ मोबाईलवर! दर दोन मिनिटाला जाहिरात, आणि गाडीत पेट्रोल भरायलाही पैसे मागणार. खेळतोय का हप्ता भरतोय?

अरे, काय गेम होता तो! २००० सालचा. सॅन फ्रान्सिस्को आणि लंडन, दोन अख्खी शहरं मोकळी. लंडनमध्ये गाडी डावीकडनं, त्यामुळं आम्हा सांगलीकरांना एकदम घरच्यासारखं. टॅक्सीवाल्याचं ट्रेनिंग घ्यायचं, नाहीतर सरळ डबल डेकर काढायची आणि फुटपाथवर घालायची. माणसं टणाटण उड्या मारून बाजूला, एकही मरत नाही. बनवणारे एंजल स्टुडिओज. तेच पुढं २००२ ला रॉकस्टार सॅन डिएगो झाले आणि २०१० ला ‘रेड डेड रिडेम्प्शन’ हा काउबॉयचा गेम काढला. ज्यांच्या घोड्यांवर तुम्ही फिदा आहात, त्यांनीच आधी ही बस पळवलीय लेको.

पण हे कोण सांगणार? ‘आमच्या लहानपणीचे गेम’ म्हणून पोस्ट पडली की तेच तीन. व्हाइस सिटी, आयजीआय, रोड रॅश. बास. आयजीआयमध्ये मोहिमेच्या मधे सेव्ह करता यायचं नाही, तर तेही आता शौर्यपदक म्हणून मिरवतात. तेव्हा कीबोर्ड आपटत होतात की ओ!

‘फ्रीडम फायटर्स’चं नाव घ्या की कुणीतरी. २००३ चा. न्यूयॉर्कवर सोव्हिएत फौजेचा कब्जा आणि हिरो कोण, तर प्लंबर. तळ गटारात. पराक्रम करेल तसा त्याचा करिश्मा वाढतो, तशी त्याच्यामागं येणारी माणसं वाढतात, बारापर्यंत. एक बटण दाबलं की पोरं पुढं धावतात. ग्रामपंचायतीच्या इलेक्शनचा याहून चांगला अभ्यास मी पाहिला नाही. आणि तो २०२० ला परत विक्रीला आणला. म्हणजे मनात आणलं तर जमतं! पण आणतंय कोण? जुने गेम जपणाऱ्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ ला मोजून सांगितलं, अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळतच नाहीत. शंभरातले सत्त्याऐंशी! आणि आम्ही ‘चोरून खेळू नका’ हे ऐकून घ्यायचं.

एवढं सगळं मी तावातावानं सांगत होतो, तर तासगावचा भाचा सीडी उन्हात धरून चमकवून बघत होता. म्हणाला, ‘मामा, चालत नाही तर मला द्या. द्राक्षबागेत टांगतो, पाखरं येत नाहीत.’

मी अजून त्याच्याशी बोललेलो नाही.