चार किलो शिल्लक

आमच्या पिकअपचे चालकाच्या बाजूचे दार उघडले की चौकटीवर बारीक अक्षरांची एक पट्टी दिसते आणि तिच्यावर ‘कमाल एकूण वजन ३,००० किलो’ असे छापलेले आहे. ते दार मी आठ महिने रोज उघडत होतो. पट्टी मात्र पहिल्यांदा वाचली ती आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. त्यांची सगळी नोकरी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली असल्यामुळे छापील आकडा दिसला की तो वहीत उतरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. रिकाम्या गाडीचे वजन २,०५० किलो होते. आप्पांनी उभ्या उभ्या वजाबाकी केली आणि म्हणाले, “तुझ्याकडे ९५० किलो आहेत. आपण पाच माणसे मिळून २७६. राहिले ६७४. जपून खर्च कर.”

मी हसलो. एवढ्या वजनात माणसे घर हलवतात आणि मला तर फक्त डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून थोडे पुढे जाऊन, कुटुंबासह दोन रात्री तंबूत काढण्यापुरते सामान न्यायचे होते.

पत्नीचा विरोध वजनाला नव्हता, मूळ कल्पनेलाच होता. तिचे मन वळवण्यासाठी मी इतिहासाचा आधार घेतला. पिकअप ही वस्तू कारखान्यातूनच तयार करून विकायला फोर्ड कंपनीने १९२५ साली सुरुवात केली, आणि खुद्द हेन्री फोर्ड त्याआधीच संशोधक एडिसन आणि टायर बनवणारे फायरस्टोन या मित्रांना घेऊन मोटारींतून रानावनात मुक्काम करत असत. १९२१ साली तर अमेरिकेचे अध्यक्ष हार्डिंग त्यांच्या तंबूत पाहुणे म्हणून आले होते, असे मी तिला सांगितले. तिने शांतपणे विचारले, “अहो, पण तिथे स्वयंपाक कोण करत होते?” त्यांच्याबरोबर स्वयंपाकाचे सामान वाहणारी स्वतंत्र मोटार आणि नोकरांचा ताफा असे, ही माहितीही मला होती. ती मी सांगितली नाही.

सुरुवात टायरपासून केली, कारण सगळे जाणकार टायरपासूनच करा म्हणून सांगतात. जाड नक्षीचे नवे टायर जुन्यांपेक्षा व्यासाने ४ सेंटीमीटर मोठे होते. व्यास ४ ने वाढला की गाडी २ सेंटीमीटरच उंच होते, कारण उरलेले २ धुरीच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, वर जातात आणि तिथे चिखलरोधकाला घासतात, हे मला पैसे मोजल्यानंतर कळले. शिवाय चाक मोठे झाल्यामुळे ते एका फेऱ्यात जास्त अंतर कापू लागले आणि ही गोष्ट वेगदर्शक काट्याला कोणी सांगितलेली नव्हती. तो ६० दाखवत असे तेव्हा आम्ही खरे म्हणजे ६३ ने जात असू. मुलाला यात फुकटची चैन वाटली. आप्पांना मात्र अंतरमापकही त्याच प्रमाणात खोटे बोलत असल्यामुळे डिझेलचा हिशेब बिघडल्याचे दुःख झाले. त्यातच नवी स्टेपनी हौद्याखालच्या तिच्या जागेत मावेना. ती मागच्या बाजूला लोखंडी हातावर टांगावी लागली, आणि त्या हाताचे वजन वहीत वेगळ्या ओळीवर चढले.

यातून मला पुढे वारंवार आलेला अनुभव पहिल्यांदा आला. गाडीत आपण एकच वस्तू बसवतो, पण ती वस्तू आपल्या नातेवाइकांना घेऊन येते.

टायर घासतात म्हणून गाडी उचलायची ठरली. गॅरेजवाल्याने मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी पट्ट्या, बदलून जाड पाटे घातले, पुढच्या स्प्रिंग बदलल्या आणि गाडी ५ सेंटीमीटर वर आणली. “साहेब, आता कितीही वजन घाला, पाटे बसायचे नाहीत,” असे तो म्हणाला. हे वाक्य मी घरी येऊन आप्पांना ऐकवले तेव्हा ते मला हाताला धरून पुन्हा त्या दारापाशी घेऊन गेले. पट्टीवर अजून ३,०००च लिहिलेले होते. पाटे बदलल्याने गाडीचा मागचा भाग ताठ उभा राहतो इतकेच. ब्रेक तेच राहतात, धुऱ्या त्याच राहतात, आणि सांगाडाही तोच राहतो. मागे अतोनात वजन लादलेल्या पिकअपचा सांगाडा केबिनच्या मागे वाकल्याची छायाचित्रे आप्पांनी कुठून तरी मिळवून माझ्यासमोर ठेवली. जाड पाट्यांनी माझ्या बाजूने केलेली एकमेव गोष्ट म्हणजे गाडी रिकामी असताना रस्त्यातला प्रत्येक खडा आमच्या मणक्यापर्यंत पोहोचवणे, आणि त्यामुळे गाडी सतत भरलेली ठेवण्याला मला एक कारण मिळाले.

एकूण ७ सेंटीमीटर उंच झालेल्या गाडीत आता आप्पांना चढता येईना. त्यांच्या गुडघ्यांना ते ७ सेंटीमीटर मान्य नव्हते. म्हणून दोन्ही बाजूंना पायऱ्या लावल्या. या पायऱ्या गाडीच्या पोटाखाली नेमक्या इतक्या लोंबत होत्या की पहिल्याच उंचवट्यावर गाडी पायरीवर टेकून तराजूसारखी डोलू लागली. म्हणजे दगडांना चुकवण्यासाठी गाडी उचलली होती आणि उचलली म्हणून लावलेली वस्तू दगडांना भेटायला खाली उतरली होती. पायऱ्या काढल्या. मुलीने घरातले छोटे प्लॅस्टिकचे स्टूल आणून दारापाशी ठेवले. आप्पा त्यावर पाय देऊन गाडीत बसले, स्टूल वर ओढून घेतले आणि वहीत लिहिले : स्टूल, २ किलो.

विजेच्या कामात मी कोणाची मदत घेतली नाही, आणि त्याचा पुरावा अजूनही हौद्यात काळ्या डागाच्या रूपाने आहे. योजना सोपी होती. फ्रिजला चालू असताना साधारण ४५ वॅट लागतात आणि तो निम्मा वेळ चालतो, म्हणजे दिवसाला ५४० वॅट-तास. बारा व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी १,२०० वॅट-तास देते. पण जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त उपसली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून हाती ६०० धरायचे. एक दिवस सुटला. दुसऱ्या दिवसासाठी टपावर सौर पट्टी टाकली. कागदावर हे इतके सुंदर जुळले की मी हिशेब आप्पांकडून तपासून घेतला आणि त्यांनी त्यावर बरोबरची खूण केली. तारा घेताना मात्र मी घरी शिल्लक होत्या त्याच वापरल्या. बारीक तारेतून लांबवर वीज नेली की वाटेत विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी होतो. बॅटरी भरलेली असतानाही फ्रिजपर्यंत पोहोचणारा दाब इतका कमी होता की ‘बॅटरी संपली’ असे समजून तो दर पंधरा मिनिटांनी बंद पडत होता. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, तो मी सोयीसाठी फ्रिजजवळ लावला होता. मधली तार एका कडेला घासून उघडी पडली तेव्हा फ्यूजला काहीच कळले नाही आणि डाग पडला. जाड तारा घालून सगळे नीट केल्यावर शेवटचा पेच उरला, तो अजून सुटलेला नाही : फ्रिजला सावली लागते आणि सौर पट्टीला ऊन लागते, आणि दोघे एकाच गाडीवर बसलेले आहेत.

हौद्यावर झाकण आले, आत ओढायचे खण आले, टपावर रॅक आणि रॅकवर तंबू आला. तंबूमुळे गाडी आमच्या इमारतीच्या तळघरात शिरेनाशी झाली, याबद्दल मी फार बोलणार नाही.

वजन कुठे ठेवतो यालाही महत्त्व असते, हे मी गाडीचे नाक आकाशाकडे पाहू लागल्यावर शिकलो. पुढच्या आणि मागच्या धुरीत ३ मीटर अंतर असेल आणि मागच्या धुरीच्याही मागे १.२ मीटरवर तुम्ही १०० किलो ठेवले, तर मागच्या धुरीवर १०० नव्हे, १४० किलो पडतात. वरचे ४० ती पुढच्या चाकांवरून उचलून घेते. सीसॉवर बसलेल्या कोणत्याही मुलाला हे ठाऊक असते. मी स्टेपनी, पाणी आणि डिझेलचे डबे असे सगळे मागे ठेवले होते, त्यामुळे सुकाणू हलके झाले आणि वळणावर गाडी माझ्या सूचनेचा विचार करून मगच वळू लागली. यावर उपाय म्हणून मागचे सामान पुढे सरकवण्याऐवजी मी पुढे ७० किलोचा पोलादी बंपर आणि त्यावर ३८ किलोचे विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोरी गुंडाळत ओढून काढणारे यंत्र, बसवले. त्या दिवशी आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त वहीचे नवे पान उलटले.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पाचही जण, पाणी, डिझेल, अंथरुणे आणि भांडी यांसकट वजनकाट्यावर गेलो. काट्याने ३,१८० दाखवले. मागे एक ट्रक उभा होता आणि त्याचा चालक हॉर्न वाजवत होता, तरीही आप्पांनी काट्यावरच वही उघडली. “माणसे सोडून गाडीचे वजन २,९०४,” ते म्हणाले. “म्हणजे सामान बसते, माणसे बसत नाहीत. गाडी चालवायला तू लागणारच, तुझे ८२ धरले तर २,९८६. वर १४ किलो राहतात.” मग चष्मा वर करून त्यांनी आम्हा सर्वांकडे एकेक करून पाहिले. १४ किलोंत आमच्यापैकी कोणीही बसत नव्हते. धाकटासुद्धा २७ किलोंचा आहे.

“म्हणजे बाबा एकटेच कुटुंबाच्या सहलीला जाणार?” मुलीने विचारले. हा प्रश्न अन्यायाचा होता, पण बेरीज तिच्या बाजूने होती.

संध्याकाळी काटछाट झाली. बंपर आणि विंच गेले, दुसरी जादा स्टेपनी ३४ किलोंची होती ती गेली, डिझेलचे दोन भरलेले डबे ४२ किलोंचे होते ते गेले. एकूण १८४ किलो उतरले आणि आम्ही २,९९६ वर आलो. बंपर सध्या घराच्या गच्चीत आहे आणि पत्नी त्यावर कपडे वाळत घालते. त्याच्या किमतीत कपडे वाळवण्याची किती यंत्रे आली असती, हे ती पाहुण्यांना सांगत असते. उरलेल्या ४ किलोंपैकी २ आप्पांनी स्टुलासाठी राखून ठेवले, कारण मुलीने ते काट्यावर न्यायला विसरल्याचे तेव्हा उघडकीला आले.

नदीच्या पात्राकाठी पोहोचेपर्यंत सगळे चोख झाले. पुढे मोकळी वाळू होती. वाळूत शिरण्यापूर्वी टायरमधली हवा कमी करायची असते. ३५ पीएसआयवरून १८ वर आणली की टायर आडवा पसरण्यापेक्षा जमिनीवर लांब लोळतो आणि वाळूत खड्डा खणायच्या ऐवजी तिच्यावरून चालतो. माहितीपुस्तक तोंडपाठ असलेली मुलगी हे मला मोठ्याने वाचून दाखवत होती. परंतु चार टायर नंतर पुन्हा भरायला अर्धा तास जाईल, शिवाय एवढा खर्च केलेल्या गाडीला असल्या किरकोळ उपचाराची गरज पडू नये, असे मला वाटले. साठ मीटरवर गाडी पोटावर बसली. मी विंचची आठवण काढली. पत्नीने चहूबाजूंना पाहून विचारले, “अहो, पण बांधले कशाला असते?” दोरीच्या टप्प्यात एक झुडूपही नव्हते.

मग हवा सोडली. चाकांसमोरची वाळू उपसली, खाली खाचांच्या पाट्या सारल्या, आणि वजन कमी करायचे म्हणून सगळे सामान उतरवले : खणांतली भांडी, पाण्याचे डबे, खुर्च्या, टेबल, चूल, अंथरुणे, आप्पांची घडीची खाट, शेवटी आप्पा आणि त्यांचे स्टूल. अडीच तास लागले. रिकामी आणि मऊ टायरांची गाडी पहिल्याच प्रयत्नात निघाली आणि ती पुन्हा रुतू नये म्हणून मी न थांबता थेट दीडशे मीटरवरच्या खडकाळ जमिनीवर जाऊन उभा राहिलो. परत चालत आलो तेव्हा वाळूवर टेबल मांडले होते, चूल पेटली होती आणि मुले अंथरुणांवर आडवी होऊन तारे निघण्याची वाट पाहत होती. सामान पुन्हा तिकडे नेण्याचा विषय मी काढला, तेव्हा आप्पा स्टुलावर बसून वही मांडीवर घेऊन म्हणाले, “हे सगळे इथे व्यवस्थित आहे. गाडी तेवढी तिथे राहू दे.”

जेवण झाल्यावर गाडीजवळ कोणी तरी असावे म्हणून मी निघालो. ६५ किलोंचा तंबू उघडला, शिडी लावली आणि वर जाऊन चौघांच्या जागेत आडवा झालो. खाली फ्रिज जाड तारांवर विनातक्रार चालू होता. त्यात थंड पाण्याच्या बारा बाटल्या होत्या आणि त्या पिणारी माणसे दूर वाळूत कंदिलाभोवती हसत बसली होती.