कोरड्या मैदानातल्या रेताड जमिनीला चाळणी म्हणण्याआधी

मातीबद्दलचा एक संदेश गेले काही महिने पुन्हा पुन्हा समोर येतोय. त्याचा गोषवारा असा: अर्धशुष्क मैदानांवरची खोल रेताड जमीन म्हणजे चाळणी, ती पाणी धरत नाही, म्हणून कमी पावसात तिथे काही तगत नाही. तिच्यातली अन्नद्रव्यं केव्हाच धुऊन गेलेली असतात. शेजारची पोयट्याची जमीन मात्र निर्धास्त. रेताड जमीन सुधारायची तर ती खोल नांगरावी, तिच्यात चिकणमाती मिसळावी, आणि वरचं निरुपयोगी गवत काढून दाट झाडं लावावीत.

यातलं एक विधान अर्धं खरं आहे, बाकीची चुकीची. शेवटचे सल्ले जसेच्या तसे पाळले तर जमिनीचं जे नुकसान होतं ते एका पिढीत भरून निघत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी शब्दांचा अर्थ नक्की करू. वाळूचा कण ०.०५ ते २ मिलिमीटरचा. गाळाचा कण ०.००२ ते ०.०५ मिलिमीटरचा आणि चिकणमातीचा त्याहूनही बारीक. या तिन्हींचा मेळ साधारण ४०, ४० आणि २० टक्के असा बसला की तो पोयटा. वाळू वाढली की वालुकामय पोयटा, आणखी वाढली की रेताड जमीन. ‘खोल’ या शब्दालाही माप आहे: अमेरिकी मृदा सर्वेक्षणात १ मीटरच्या पुढे खोल आणि दीड मीटरच्या पुढे फार खोल धरतात. संदेशात ‘खोल’ हा शब्द येतो खरा, पण त्या खोलीमुळे काय बदलतं याचा विचार कुठेच दिसत नाही.

आता पहिलं आणि सगळ्यात जास्त पसरलेलं विधान: रेताड जमीन पाणी धरत नाही, म्हणून कोरड्या हवामानात ती सर्वात वाईट.

पहिला भाग आकड्यांत खरा आहे. एक मीटर खोल वाळूत मुळांना मिळू शकेल असं पाणी ५० ते ८० मिलिमीटर मावतं, वालुकामय पोयट्यात १०० ते १४०, चांगल्या पोयट्यात १५० ते २००. पण ‘म्हणून’ या शब्दापाशी संदेश घसरतो. साठवणीचं भांडं मोठं असणं ही एक गोष्ट आणि ते भरणं ही दुसरी. अर्धशुष्क मैदानावर भांडं काठोकाठ भरेल एवढा पाऊस क्वचितच होतो. तिथे प्रश्न असतो तो पडलेलं थोडं पाणी उन्हाच्या तावडीतून कसं सुटेल याचा.

एक हिशेब करून पाहा. जमीन पूर्ण कोरडी आहे आणि २० मिलिमीटरची एक सर पडली. बारीक वाळू ओली व्हायला तिच्या आकारमानाच्या साधारण १० टक्के पाणी लागतं, म्हणजे ही सर २० सेंटिमीटर खोल जाईल. चिकण जमिनीला ३० टक्के लागतं, म्हणजे तीच सर जेमतेम ६ ते ७ सेंटिमीटरवर थांबेल. पुढचे काही दिवस ऊन आणि वारा वरचा १० ते १५ सेंटिमीटरचा थर सुकवत राहतात. चिकण जमिनीतलं जवळजवळ सगळं पाणी त्या थरातच अडकलेलं असतं. वाळूत मात्र त्यातला बराच भाग उन्हाच्या हाताखालून निसटून खाली गेलेला असतो. वर सुकलेली वाळू मग स्वतःच आच्छादनाचं काम करते: कणांमधल्या पोकळ्या मोठ्या असल्यामुळे केशाकर्षणाची, म्हणजे बारीक पोकळ्यांतून पाणी वर ओढलं जाण्याची, साखळी लवकर तुटते आणि खालची ओल वर चढत नाही. भर उन्हाळ्यात रेताड रानात हात-दीड हात उकरलं की गार ओल लागते, ती याचमुळे. ज्यांनी ती एकदा हाताने अनुभवली आहे ते चाळणीची उपमा पुन्हा वापरत नाहीत.

शिवाय जमिनीतलं सगळं पाणी झाडाचं नसतं. रोप कोमेजून मरतं तेव्हाही भारी चिकण जमिनीत आकारमानाच्या २० ते २५ टक्के पाणी शिल्लक असतं. ते कणांनी इतकं घट्ट धरलेलं असतं की मुळांना ओढता येत नाही. वाळूत हे अडकलेलं पाणी ३ ते ५ टक्केच. म्हणजे छोटी सर आली तर रेताड जमिनीतल्या मुळांच्या वाट्याला तिच्यातलं लगेच काहीतरी येतं, भारी जमिनीत तिचा मोठा हिस्सा माती स्वतःकडेच ठेवते.

आणि हे सगळं पाणी आत शिरलं तर. वाळूत तासाला ३० मिलिमीटरहून जास्त पाणी मुरू शकतं, पोयट्यात १० ते २०, चिकण जमिनीत १ ते ५. कोरड्या प्रदेशातला पाऊस बहुधा थोड्या वेळात जोरात कोसळतो. मुरायला वेळ न मिळालेलं पाणी उतारावरून निघून जातं, मग साठवणीची क्षमता कितीही मोठी असो.

पर्यावरणशास्त्रज्ञ इमॅन्युएल नॉय-मेयर यांनी १९७३ मध्ये हे तत्त्वरूपाने मांडलं: दमट हवामानात बारीक पोताची जमीन जास्त उत्पादक असते, कोरड्या हवामानात हे उलटं होतं. १९८८ मध्ये ओस्वाल्डो साला आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती गवताळ पट्ट्यातल्या ९,००० हून अधिक ठिकाणांच्या नोंदी तपासल्या. वर्षाला सुमारे ३७० मिलिमीटरच्या खाली पाऊस असेल तर कमी पाणी धरणाऱ्या रेताड जमिनीवर गवत जास्त वाढत होतं, त्याच्या वर गेलं की भारी जमीन सरस ठरत होती. ३७० हा आकडा त्या पट्ट्याचा आहे, तो जगभर जसाच्या तसा लावू नये. पण फिरता संदेश जे हवामान गृहीत धरून बोलतोय, नेमक्या त्याच हवामानात त्याचं विधान उलटं पडतं.

हे शेतकऱ्यांना संशोधकांच्या फार आधीपासून माहीत आहे. सहाराच्या दक्षिणेला लागून असलेल्या साहेलच्या पट्ट्यात बाजरीसाठी पहिली पसंती जुन्या, स्थिरावलेल्या वाळूच्या टेकाडांना असते. सुदानच्या कोर्दोफान भागातल्या ‘गोझ’ या वाळूच्या मैदानांवर बाजरी आणि तीळ होतात, आणि डिंक देणारी बाभळीच्या कुळातली झाडंही तिथेच वाढतात.

आता खोलीचा मुद्दा. अर्धा मीटर जाडीची भारी जमीन आणि तिच्याखाली खडक असेल तर तिच्यात झाडाला मिळणारं पाणी ८० मिलिमीटरच्या आसपास. मीटरला ७० मिलिमीटर धरणारी साधी वाळू २ मीटर खोल असेल तर १४०. वालुकामय पोयटा तेवढाच खोल असेल तर २०० च्या पुढे. बहुवर्षायू गवतं आणि झुडपं ही खोली वापरतात. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या मध्य कलहारीत एका विंधनविहिरीत बोशिया या झाडाची मुळं ६८ मीटर खोलीवर सापडल्याची नोंद आहे. ज्ञात मुळांमध्ये ती सर्वात खोल गणली जातात. कलहारीला वाळवंट म्हणतात, पण तिच्या बहुतेक भागावर गवत आणि काटेरी झाडं आहेत. वर पाणी दिसत नाही, कारण पडलेला पाऊस वाळूत मुरतो.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. उथळ मुळांचं हंगामी पीक असेल, किंवा शेत महिनोन्महिने उघडं असेल, तर वाळूतलं पाणी मुळांच्या खाली निघून जातं. ऑस्ट्रेलियाच्या मरे नदीच्या खोऱ्यात वाळूच्या मैदानावरची मॅली नावाची झुडपी रानं तोडून तिथे हंगामी पिकं घेतली गेली. आधी जी मुळं जवळजवळ सगळा पाऊस वापरून टाकत होती ती गेली, झिरपणारं पाणी अनेक पटींनी वाढलं, आणि त्यानं जमिनीतला जुना क्षार भूजलात आणि नदीकडे नेला. वरची खोल मुळं काढली नसती तर तिथे पाणी झिरपून वाया गेलंच नसतं.

दुसरं विधान: अन्नद्रव्यं धुऊन गेलेली असतात. हे ते अर्धं खरं विधान. वाळूच्या कणांचं एकूण पृष्ठफळ कमी, त्यामुळे अन्नद्रव्यं धरून ठेवायच्या जागा कमी. सेंद्रिय कर्बही बहुतेक वेळा १ टक्क्याच्या खाली. साहेल आणि कलहारीची जुनी, बहुतांश गारेची वाळू खरोखरच गरीब आहे, तिथे नत्र आणि स्फुरद पाण्याइतकेच तोकडे पडतात. पण सगळ्या अर्धशुष्क मैदानांना ही मोजपट्टी लावता येत नाही. अनेक पोयट्याच्या आणि वालुकामय पोयट्याच्या जमिनींत काही फुटांवर पांढरा चुनखडीचा थर लागतो. दरवर्षीचा पाऊस जिथपर्यंत पोचतो तिथे तो चुना सोडून सुकून जातो. मृदाशास्त्रज्ञ हान्स जेनी यांनी अमेरिकेच्या मैदानांवर दाखवून दिलं की पाऊस वाढत जातो तसा हा थर खोल जात जातो. म्हणजे हजारो वर्षांच्या पावसानेही तो चुना धुऊन नेलेला नाही. जी जमीन धुतली गेलेली असते ती असा पुरावा पोटात बाळगत नाही.

जिथे वाळू खरोखर गरीब आहे तिथेही उपाय आहे: खत एकदम ओतायचं नाही, थोडं, बियाण्याजवळ, आणि विभागून द्यायचं. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेने साहेलमध्ये रुजवलेली पद्धत हीच, पेरणीच्या खड्ड्यात बाटलीच्या बुचाएवढं खत.

तिसरं विधान, पोयटा निर्धास्त. याचं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण त्यावर विश्वास ठेवून चांगल्या जमिनी निष्काळजीपणे हाताळल्या जातात. सेंद्रिय कर्ब कमी असलेला बारीक वालुकामय पोयटा पावसाच्या थेंबांच्या माऱ्याने विस्कटतो. बारीक कण पोकळ्यांत जाऊन बसतात आणि सुकल्यावर वर काही मिलिमीटरची कडक पपडी धरते. मग त्याच जमिनीत पाणी मुरत नाही आणि अंकुर वर येत नाही. लहान-मोठे कण एकत्र असल्यामुळे ही जमीन दाबली गेली की एकमेकांत घट्ट बसते, म्हणून अवजारांच्या फेऱ्यांनी तिच्यात नांगराच्या तळाशी कडक थर लवकर तयार होतो. बुर्किना फासोतले याकुबा सावाडोगो यांनी आयुष्यभर ज्या ‘झाई’ खड्ड्यांचा प्रसार केला ते अशाच पपडी धरलेल्या, पाणी नाकारणाऱ्या जमिनीसाठी. हातभर रुंदीचे खड्डे, त्यात शेणखत, आणि ते खायला आलेल्या वाळवीने पाडलेली भोकं. पाणी त्या भोकांतून आत जातं.

चौथा सल्ला, खोल नांगरट. वाऱ्याला उचलायला सगळ्यात सोपा कण ०.१ मिलिमीटरच्या आसपासचा, म्हणजे बारीक वाळूचा. तो उड्या मारत जातो आणि आपटेल तिथून आणखी बारीक धूळ उडवतो. धूळ दूर जाते आणि चिकण कण, कर्ब आणि अन्नद्रव्यं तिच्यातच असतात. मागे राहते ती आणखी भरड वाळू. म्हणजे एखादी रेताड जमीन आज निकस दिसत असेल तर ती आधी उघडी पाडली गेली होती का, हे विचारायला हवं. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ग्रेट प्लेन्सवर गवत मोडून नांगरलेल्या जमिनी दुष्काळात उडाल्या. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी आलेल्या वादळाला काळा रविवार म्हणतात. त्याच महिन्याच्या २७ तारखेला तिथला मृदसंधारणाचा कायदा झाला. त्या वादळांत फक्त वाळू नव्हती, संदेश ज्याला निर्धास्त म्हणतो तो पोयटाही होता.

नांगराला एक अपवाद आहे. रेताड थराच्या खाली हाताशी येईल इतक्यावर चिकण थर असेल, तर तो वर आणून ढेकळं तयार केली की वारा अडतो. टेक्सासच्या मैदानांवर हे केलं गेलं. पण खाली काय आहे हे खड्डा खणून न पाहता नांगर घालणं म्हणजे जुगार आहे.

चिकणमाती मिसळण्याचं गणित तर फारच सोपं आहे. एका हेक्टरच्या ३० सेंटिमीटर थराचं वजन साधारण ४,५०० टन. चिकण १० टक्क्यांनी वाढवायचं तर ४५० टन माती आणून सारखी कालवावी लागेल. ऑस्ट्रेलियात हे खरंच करतात, पण वेगळ्या कारणासाठी आणि त्याहून कमी प्रमाणात: तिथल्या काही वाळूवर झाडपाल्यातल्या मेणाचा लेप बसतो आणि पाणी वर थेंब होऊन राहतं. थोड्या चिकणमातीने तो अडथळा मोडतो. नीट न कालवता टाकलेली चिकणमाती मात्र ढेकळं आणि पपडीच देते.

शेवटचं विधान गवताबद्दलचं. रेताड मैदानावरचं गवत निरुपयोगी वाटतं ते त्याची मुळं दिसत नाहीत म्हणून. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातली सँडहिल्स ही पश्चिम गोलार्धातली सर्वात मोठी वाळूची टेकाडं, सुमारे ५०,००० चौरस किलोमीटर, आणि ती जागच्या जागी आहेत ती गवतामुळे. १९०४ च्या किंकेड कायद्याने तिथे प्रत्येकी ६४० एकर जमीन वसाहतवाल्यांना दिली. ज्यांनी नांगर घातला त्यांची शेतं वाऱ्याने पोखरली, आणि बहुतेक भाग पुन्हा चराईकडे वळला. आजही तिथे मुरणारं पाणी खालच्या ओगालाला जलधराला, म्हणजे भूजलाच्या साठ्याला, मिळतं आणि तिथल्या नद्या वर्षभर जवळजवळ एकसारख्या वाहतात.

दाट झाडांचं काय होतं हे चीनच्या लोएस पठारावर दिसलं. तिथला वाऱ्याने आणून साठवलेला गाळाचा पोयटा शेकडो फूट खोल आहे. पाऊस पुरणार नाही इतकी दाट लागवड जिथे झाली तिथे मुळांनी वर्षानुवर्षं खोलवर साठलेली ओल ओढून घेतली आणि जमिनीच्या पोटात कोरडा थर तयार झाला. तो साध्या पावसाने पुन्हा भिजत नाही. वाऱ्याच्या आडव्या दिशेने लावलेल्या झाडांच्या ओळी उपयोगी आहेत, अमेरिकेत १९४२ पर्यंत अशी सुमारे २२ कोटी झाडं लावली गेली. पण त्या ओळी होत्या, मधलं रान मोकळं होतं.

हा संदेश तुमच्यापर्यंत आला असेल आणि तुमच्याकडे अशी जमीन असेल, तर नांगर किंवा रोपं आणण्याआधी दीड मीटरचा एक खड्डा घ्या. ओल कुठपर्यंत आहे, मुळं कुठे थांबतात, पपडी किती जाड आहे, चुनखडी किंवा चिकण थर लागतो का, ते पाहा. पावसानंतर आठ दिवसांनी त्याच खड्ड्याशेजारी पुन्हा उकरून पाहा.